दिसलं का?

दुर्बीण हे मोठं एकलकोंडं यंत्र आहे. टीव्हीपुढे अख्खी चाळ बसू शकते. दुर्बिणीला डोळा लावायचा तो एका वेळी एकाच माणसाने. बाकीचे रांगेत. आमच्या चिंचवडच्या सोसायटीत अधूनमधून गच्चीवर शनी दाखवण्याचा कार्यक्रम होतो. एकेक जण वाकतो, डोळा लावतो आणि मागून प्रश्न येतो, "दिसलं का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर देणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. एका आजोबांनी तर झाकण काढायच्या आतच "वा!" म्हणून दाद दिली होती. पाहुण्यांकडचा चहा आणि दुर्बिणीतला ग्रह, दोन्हींना नावं ठेवायची नसतात.

सांगायचा मुद्दा असा, की दुर्बिणीतून जे दिसतं त्याला साक्षीदार नसतो. ही अडचण थेट गॅलिलिओपासूनची. १६१० साली त्याला शनी म्हणजे एकमेकांना खेटून बसलेले तीन गोळे वाटले. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता, म्हणजे चाळिशीची शंका घ्यायला जागा आहे. पण खरा दोष त्या लहानशा दुर्बिणीचा. ती कडी आहे हे हायगेन्सने जगाला सांगितलं १६५९ साली. मधली जवळजवळ पन्नास वर्षं प्रत्येकाचा डोळा वेगळं सांगत होता, आणि प्रत्येक जण आपण पाहिलं तेच खरं म्हणत होता. आपल्याकडे लग्नाच्या याद्यांवरून होतं तसंच.

मग कॅमेरा आला. १८३९ साली दागेरची छायाचित्रं काढण्याची रीत जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचा फोटो काढला. त्याला सुमारे वीस मिनिटं लागली. लग्नाच्या ग्रुप फोटोत आपण वीस सेकंद हसू टिकवू शकत नाही. चंद्र तर चालता माणूस, त्याच्या मागे मागेच जावं लागलं. पण एक गोष्ट झाली. दुर्बिणीला पहिल्यांदाच असा डोळा मिळाला, की ज्याने पाहिलेलं घरी नेऊन दाखवता येत होतं.

आपल्या देशात हा डोळा लवकर आला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात मेजर टेनंट या इंग्रज अधिकाऱ्याने आंध्रातल्या गुंटूरला नऊ इंची आरशाच्या दुर्बिणीवर फोटोच्या काचा लावून ग्रहण टिपलं. फ्रान्सचे जान्सेनही त्याच गुंटूरला होते.

इथे एखादा कोकणी वाचक हात वर करील, "अहो, आमचा विजयदुर्ग विसरलात!" विसरलो नाही. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. लॉकयरसाहेबांनी १८६८ च्या ग्रहणात तिथूनच हेलियम शोधला, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. गोष्ट झकास आहे. फक्त त्या दिवशी साहेब विजयदुर्गावर नव्हते, इंग्लंडात होते. सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट त्यांनी पाहिला तो २० ऑक्टोबर १८६८ रोजी, लंडनमधून, ग्रहणबिहण काही नसताना. विजयदुर्गाला ते खरोखरच आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं झाली होती. ओटा खरा, साहेब खरा, ग्रहणही खरं. हिशेब चुकला तो तीस वर्षांचा.

आता त्याच १८९८ च्या ग्रहणाची दुसरी गोष्ट ऐका. ही आपल्या दाराजवळची आहे. पिंपरीहून मेट्रोने सिव्हिल कोर्टाला उतरलात, की थोड्या अंतरावर इंजिनिअरिंग कॉलेज लागतं. त्याचं तेव्हाचं नाव कॉलेज ऑफ सायन्स. तिथे कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींनी १८८२ साली पाच हजार रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारने घातले आणि १८८८ साली पुण्यात वेधशाळा उभी राहिली. तिला महाराजांचं नाव दिलं. तिथली डब्लिनच्या ग्रबच्या कारखान्यातली वीस इंची दुर्बीण कित्येक वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. आणि हे सगळं आपल्या संगमाजवळ!

१८९८ च्या जानेवारीत नायगमवाला आपली माणसं आणि यंत्रं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. प्लेगचे दिवस. लोक गावं सोडून रानात झोपड्या बांधत होते, आणि हे प्राध्यापक आकाशाचे फोटो काढायला आगगाडीने निघालेले. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही आले होते. त्यांच्याबरोबर चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. भिंग पाच इंचांचं आणि पुढची काच चाळीस फुटांवर! सूर्य सरकेल तशी आतली काच सरकवत न्यायची. आमच्या दोन खोल्यांत तो तिरका ठेवला तरी त्याची शेपटी जिन्यात आली असती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात दोन्ही तुकड्यांनी सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे फोटो आणि वर्णपट काचांवर उतरवले. नायगमवालांनी आपला अहवाल १९०२ साली छापला. त्यात दिवस, जागा, यंत्रं, वेळा, सगळं नोंदलेलं.

१९१२ साली ते निवृत्त झाले आणि त्यांच्यामागे वेधशाळाही बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. जेऊरला ओटा नाही, म्हणून दंतकथाही नाही. दंतकथेला बसायला काहीतरी लागतंच.

पुढे हे दुर्बिणीला कॅमेरा जोडण्याचं काम शास्त्रज्ञांच्या हातून पक्षी पाहणाऱ्यांच्या हाती आलं. १९९९ च्या सुमारास मलेशियाच्या लॉरेन्स पो या पक्षिप्रेमींनी आपला छोटा डिजिटल कॅमेरा पक्षी पाहण्याच्या दुर्बिणीच्या नेत्रिकेला नुसता टेकवला, आणि लांबचा पक्षी जवळ आला. आज कॅमेऱ्याच्या जागी फोन आहे. युक्ती सोपी. नेत्रिकेतून प्रकाश डोळ्यासाठीच बाहेर पडतो. डोळ्याच्या जागी फोनचं भिंग ठेवायचं. पण तो प्रकाश येतो केवढ्या भोकातून? ऐंशी मिलिमीटरच्या दुर्बिणीवर चाळीस पट मोठं पाहायचं ठरवलं, तर दोन मिलिमीटरच्या ठिपक्यातून. फोन हातात धरलात तर तो ठिपका आत्ता होता, आता गेला. शिवाय चाळीस पट मोठं होतं ते पक्ष्याबरोबर हाताचं थरथरणंही. म्हणजे फोन उत्तम, दुर्बीण उत्तम. अडतं ते दोघांच्या मधल्या कडीवर.

आणि मधली कडी म्हटलं, की पिंपरी-चिंचवडचा माणूस ताठ बसतो. भोसरीपासून चाकणपर्यंत हा अख्खा पट्टा दुसरं करतो काय? एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या भागात बिनबोभाट बसवणं! आमच्या सोसायटीत चाळीस वर्षं लेथवर काढलेले एक टर्नरकाका आहेत. त्यांच्यापुढे मी दुर्बीण ठेवली, तेव्हा त्यांनी आत डोकावूनही पाहिलं नाही. खिशातून व्हर्निअर काढला आणि नेत्रिकेचं माप घेतलं.

"अहो काका, शनी तरी बघा."

"शनी कुठं जात नाही. फोन कव्हरसकट बसवायचा का कव्हर काढून?"

दोन दिवसांनी भोसरीतल्या भाच्याच्या वर्कशॉपमधून नायलॉनचा बुश आला; त्याला फोन धरायची पट्टी आणि मध्यावर आणायला चार स्क्रू. टिचकी मारली तरी हलेना.

त्या हिवाळ्यात आम्ही ती जोडणी घेऊन भिगवणला गेलो. उजनीच्या पाण्यात लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ होती. भल्या सकाळी, ऊन तापून हवा थरथरायच्या आत, फोनचा टायमर लावून फोटो काढले. एकेका पक्ष्याची वाकडी चोच मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. भिगवणहून सोलापूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात जेऊरला पोचते, हे मी काकांना तिथेच सांगितलं. नायगमवालांची सगळी हकिगत ऐकवली, विजयदुर्गाचे ओटेही आले.

घरी येऊन फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पहिलाच अभिप्राय आला, "नेटवरून घेतलास का रे?" घ्या! इतकी वर्षं माणूस फोटो नाही म्हणून साक्षीदार शोधत होता. आता फोटो आहे म्हणूनच विश्वास बसत नाही.

काका मात्र शांत होते. त्यांनी फोटोची एक प्रत छापून आणायला लावली आणि तिच्या पाठीमागे बॉलपेनने लिहिलं : तारीख, वेळ, ठिकाण, दुर्बिणीचा व्यास, किती पट, फोन कुठला, जोडणी कोणाची. अगदी जॉब कार्ड भरतात तसं. मी म्हटलं, "काका, एवढं कशाला?"

"तुमच्या त्या जेऊरच्या प्रोफेसरांनी लिहून ठेवलं होतं की नाही? म्हणून तर आज तुम्ही मला त्यांच्याबद्दल सांगताय," काका म्हणाले. "आणि त्या विजयदुर्गाच्या ओट्यावर नुसती तारीख लिहिली असती, तर तीस वर्षांचं रिजेक्शन वाचलं असतं."