हेअर ड्रायर कसा निवडावा आणि केस खराब न करता कसा वापरावा?

पावसाळ्यात केस धुतले की तास-दोन तास ओलेच राहतात आणि ऑफिसची वेळ मात्र थांबत नाही. अशा वेळी हेअर ड्रायर कामाला येतो. दुकानात किंवा ऑनलाइन बघायला गेलं की मात्र १००० वॅट, २००० वॅट, आयनिक, सिरॅमिक अशा शब्दांनी गोंधळ उडतो. त्यातलं काय महत्त्वाचं आणि काय नाही, ते समजून घेऊया.

ड्रायर काम कसा करतो?

ड्रायरमध्ये एक छोटी मोटर, पंखा आणि नायक्रोमच्या तारेची कॉइल असते. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. पंखा मागच्या जाळीतून हवा ओढतो, ती तापलेल्या कॉइलवरून जाते आणि पुढून गरम होऊन बाहेर येते. मागची जाळी केसांनी आणि धुळीने भरली की हवा कमी येते, कॉइल जास्त तापते आणि आतला थर्मोस्टॅट वीज तोडतो. चालू ड्रायर मध्येच बंद पडला तर आधी प्लग काढावा, तो थंड होऊ द्यावा आणि जाळी साफ करावी.

किती वॅटचा घ्यावा?

लहान किंवा पातळ केसांसाठी १००० ते १२०० वॅट पुरतात. लांब आणि दाट केसांसाठी १४०० ते १८०० वॅटचा ड्रायर वेळ वाचवतो. २००० वॅट आणि त्यापुढचे ड्रायर प्रामुख्याने पार्लरच्या कामासाठी असतात.

इथे घरातलं सॉकेट बघणं गरजेचं आहे. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची असते. घरातलं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे साधारण १३८० वॅटपर्यंतचा भार सोसणारं. २००० वॅटचा ड्रायर जवळपास ८.७ अँपिअर करंट ओढतो. तो छोट्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डवर लावला की प्लग तापतो, प्लास्टिक वितळतं आणि आग लागू शकते. असा ड्रायर १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच, म्हणजे गीझर किंवा एसीसाठी असतं तशा पॉइंटवर लावावा.

वीजबिलाची फार काळजी नको. १२०० वॅटचा ड्रायर १० मिनिटं चालला तर ०.२ युनिट लागतं. रोज वापरला तरी महिन्याला सुमारे ६ युनिट.

अमेरिकेहून आणलेला ड्रायर चालेल का?

अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते. फक्त तेवढ्यासाठी बनवलेला ड्रायर इथे लावला तर कॉइलवर साडेतीन पटीहून जास्त भार येतो आणि तो काही क्षणांत जळू शकतो. प्लगचं अडॅप्टर फक्त पिन बदलतं, व्होल्टेज नाही. ड्रायरवर ‘११०-२४०’ असं लिहिलं असेल किंवा व्होल्टेज बदलायचं बटण असेल, तरच तो दोन्हीकडे चालतो. बटण असेल तर ते आधी २३० किंवा २४० वर करून घ्यावं.

जाहिरातीतले शब्द

- आयनिक: ऋणभारित आयन सोडून केसांतली स्थितिक वीज कमी करतो, त्यामुळे केस कमी उडतात. कोरड्या थंडीत फरक जाणवतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्थितिक वीज मुळातच कमी असते.
- सिरॅमिक: उष्णता सगळीकडे सारखी पसरायला मदत होते.
- डिफ्युझर: कुरळ्या केसांसाठीचं रुंद, भोकांचं तोंड. हवा पसरते आणि कुरळेपणा विस्कटत नाही.
- कूल शॉट: गार हवेचं बटण. हे असावंच. शेवटी गार हवा मारली की केसांचा आकार टिकतो.

वजनही बघावं. दहा मिनिटं हात वर धरायचा असतो.

वापरताना

ओला केस कमजोर असतो आणि लवकर ताणला जातो. फार ओल्या केसावर कडक गरम हवा मारली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथेच तुटतो. म्हणून:

१. टॉवेलने खसाखसा पुसू नये. दाबून पाणी टिपावं आणि केस अर्धे-अधिक हवेवर वाळू द्यावेत.
२. मध्यम उष्णता ठेवावी. ड्रायर केसांपासून साधारण १५ सेंमी लांब धरून सतत हलवत राहावा.
३. मुळांपासून टोकांकडे हवा द्यावी. उलट दिशेने मारली की केस पिंजारतात.
४. केस पूर्ण कोरडे होण्याच्या जरा आधी गार हवेवर यावं.

ड्रायरने केस खराबच होतात, असंही नाही. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात, १५ सेंमी अंतरावरून सतत हलवत वाळवलेल्या केसांचं एकूण नुकसान नैसर्गिकरीत्या वाळवलेल्या केसांपेक्षा कमी आढळलं. केस खूप वेळ ओले राहिल्यानेही आतल्या थराला इजा होते, असं त्यात दिसलं. ड्रायर जवळ धरल्यावर मात्र पृष्ठभागाचं नुकसान वाढत गेलं.

बाथरूममध्ये नकोच

ड्रायर बटणाने बंद असला तरी प्लग लावलेला असेल तर त्यात वीज असते. तो बादलीत पडला तर जिवावर बेतू शकतं. अनेक ड्रायरना दुहेरी इन्सुलेशन असतं, पण ते पाण्यापुढे टिकत नाही. पडलाच तर ड्रायरला किंवा पाण्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तो जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावरच पडतो. माणसाच्या अंगातून वीज गेली तर ती तोडायचं काम ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी करतो. घरच्या बोर्डवर तो आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावं.

काम झालं की प्लग काढावा. वायर मुठीभोवती घट्ट गुंडाळू नये, ती मुळाशी आतून तुटते. जळका वास, ठिणगी किंवा वायर तापणं यातलं काहीही दिसलं, तर तो ड्रायर दुरुस्त होईपर्यंत वापरू नये.