प्रथिननिर्मितीचा लगाम ओळखणारी प्रतिपिंडे

प्रथिने तयार करणे हे पेशीच्या सर्वाधिक ऊर्जा लागणाऱ्या कामांपैकी एक आहे. विषाणूचा संसर्ग झाला किंवा अमिनो आम्ले कमी पडली, की पेशी हे काम आवरते घेते. हा लगाम मुख्यत्वे ईआयएफ-२ या प्रथिनाच्या हाती असतो. तो ओढला गेला आहे की नाही, हे प्रयोगशाळेत बहुधा प्रतिपिंडांच्या साहाय्याने ठरवले जाते.

तीन घटकांचे हे प्रथिन मेथिओनिन हे पहिले अमिनो आम्ल रायबोसोमच्या लहान भागापर्यंत पोहोचवते. त्याच्या अल्फा घटकातील ५१ व्या स्थानावरील सेरीनला फॉस्फेट जोडला गेला, की ते आपल्याला पुन्हा कामास लावणाऱ्या ईआयएफ-२बी या प्रथिनालाच घट्ट चिकटून बसते. ईआयएफ-२बीचा साठा मुळातच कमी असतो. त्यामुळे थोड्याशा ईआयएफ-२ ला फॉस्फेट जोडला गेला, तरी प्रथिननिर्मिती मंदावते. हा फॉस्फेट जोडणारी पीकेआर, पर्क, जीसीएन-२ आणि एचआरआय अशी चार विकरे सस्तन प्राण्यांत आहेत.

अडचण अशी, की फॉस्फेट जोडल्याने सुमारे ३६ किलोडाल्टनच्या या घटकाच्या वजनात नगण्य फरक पडतो. नेहमीच्या वेस्टर्न ब्लॉट चाचणीत दोन्ही रूपांचा पट्टा जवळपास एकाच जागी दिसतो. म्हणून दोन प्रतिपिंडे वापरावी लागतात. एक केवळ फॉस्फेटयुक्त सेरीन-५१ ओळखणारे, तर दुसरे एकूण प्रथिन मोजणारे. दोहोंचे गुणोत्तरच अर्थपूर्ण असते. नुसता पहिला पट्टा गडद दिसला, तर त्या नमुन्यात मुळात प्रथिनच अधिक असण्याची शक्यता उरते.

चाचणीत पडद्यावरील मोकळ्या जागा झाकण्यासाठी अनेक ठिकाणी चक्क दुधाची भुकटी वापरतात. मात्र दुधातील केसीन हे स्वतःच फॉस्फेटयुक्त असल्याने अशा प्रतिपिंडांसाठी गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन पसंत केले जाते.

प्रतिपिंड खरे की खोटे, हे पारखण्याची उत्तम कसोटी म्हणजे सेरीन-५१ च्या जागी अॅलानिन असलेल्या पेशी. तेथे फॉस्फेट जोडलाच जाऊ शकत नाही. तरीही पट्टा उमटला, तर प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटत आहे, हे उघड होते. ही पारख अनेकदा टाळली जाते, आणि त्याची किंमत मोठी आहे. अल्झायमरसारख्या मेंदूविकारांच्या संशोधनातही याच फॉस्फेटच्या मोजणीवर निष्कर्ष काढले जातात.

फॉस्फेट वाढला म्हणजे प्रथिननिर्मिती नक्की घटली, असेही गृहीत धरता येत नाही. त्यासाठी २००९ मध्ये 'सनसेट' ही पद्धत मांडण्यात आली. तीत प्युरोमायसिन हे औषध नव्याने बनणाऱ्या प्रथिनांत शिरते आणि त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड निर्मितीचा प्रत्यक्ष वेग दाखवते.

बाजारातील ६५ प्रथिनांविरुद्धच्या ६१४ प्रतिपिंडांची तपासणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. संबंधित जनुक काढून टाकलेल्या पेशींवर ती पारखली असता, निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे किमान एका चाचणीत अपयशी ठरली.