रक्ताची साक्ष

मद्यपानाचे दोष सांगणारे वाङ्मय आपल्याकडे उदंड आहे. स्मृतिकारांनी सुरेची निंदा केली, संतांनी केली, आणि गेल्या शतकात नाटककारांनी तर त्या निंदेवर रंगभूमी गाजविली. परंतु अमुक मनुष्य प्याला आहे किंवा नाही हे निश्चयाने ठरवावयाचे कसे, हा प्रश्न या सर्व वाङ्मयात गौणच राहिला. वास्तविक न्यायाच्या दृष्टीने हाच प्रश्न आधीचा होय. दोष सिद्ध करण्याचे साधन नसता शिक्षा देणे हा आरोपीवर जुलूम. आणि साधन असता ते न वापरणे हा ज्याचा जीव गेला त्याच्यावर अन्याय. या प्रश्नाचे उत्तर आपल्या राज्याच्या कायद्याने १९५९ साली एका आकड्याच्या रूपाने दिले. योगायोग असा की, ज्या अधिनियमाने तो आकडा आणला, त्याच अधिनियमाने मुंबईची दारूबंदी आमच्या विदर्भात आणली. हा आकडा कोठून आला, त्याचा अर्थ काय आणि त्याच्यावर किती भार टाकावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्य बाळगणे व पिणे हे दोन्ही गुन्हे ठरविले. त्या काळी पिणाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणजे पंचांचे नाक आणि डॉक्टरांचे डोळे. तोंडाला वास येतो, डोळे लाल आहेत, पाय अडखळतात, एवढे नोंदविले की काम भागे. परंतु १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांचा उपयोग करण्यास मनाई करणारा कायद्याचा भाग घटनेच्या कसोटीस उतरत नाही. झाले! औषधी अर्क घेणाराही निर्दोष ठरला. आणि वास तर दोहोंचा सारखाच.

या अडचणीचे स्वरूप पेसिकाका खटल्यात स्पष्ट झाले. १९५१ च्या मे महिन्यात एका रात्री मुंबईस कुलाब्याकडे एका जीपने तीन माणसांस धक्का दिला. जीप चालविणारा मोटारवाहतूक खात्याचाच मोठा अधिकारी होता! त्याच्या तोंडास मद्याचा वास येत होता. पण डॉक्टरांच्या तपासणीत तो सरळ रेषेवर चालला व सुसंगत बोलला. आपण मद्यार्क असलेले शक्तिवर्धक औषध घेतले होते, असे त्याचे म्हणणे. मॅजिस्ट्रेटने त्याला सोडले, हायकोर्टाने दोषी धरले, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. पोटात गेलेला पदार्थ निषिद्ध मद्यच होता हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तत्त्व निर्विवाद होते. परंतु पोटात गेलेल्या मद्यार्काची जात सरकारने सिद्ध करावी तरी कशी?

दरम्यान राज्यांचा नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. येथे मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९३८ चा निराळा दारूबंदी कायदा होता. दोन कायदे चालविण्यापेक्षा एकच करावा म्हणून १९५९ चा बारावा अधिनियम झाला. त्याने मुंबईचा कायदा इतर भागांस लागू केला आणि त्याच वेळी त्यात एक नवे पोटकलम घातले. आरोपीच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण शेकडा ०.०५, म्हणजे १०० घन सेंटिमीटर रक्तात ५० मिलिग्रॅम, किंवा अधिक आढळल्यास, आपण घेतलेला पदार्थ औषध वा तत्सम निर्दोष वस्तू होती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येईल, असे ते पोटकलम सांगते. येथे एक भेद लक्षात ठेवावा. हा आकडा झिंग मोजण्याचा नव्हे. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर कधी जाईल, ते सांगणारा आहे.

हा आकडा समजण्यास युरोपात वळले पाहिजे. शरीरात गेलेल्या मद्यार्काचे काय होते, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. १८६० साली तीन फ्रेंच संशोधकांनी प्रतिपादन केले की, मद्यार्क शरीरात जळत नाही. तो जसाच्या तसा बाहेर पडतो. लंडनचे डॉक्टर अ‍ॅन्स्टी यांनी ते खोडून काढले. पोटॅशियम डायक्रोमेट व गंधकाम्ल यांचे नारिंगी मिश्रण मद्यार्काच्या संयोगाने हिरवे होते. या कसोटीने त्यांनी दाखविले की, श्वासातून व लघवीतून जाणारा अंश अगदी थोडा असतो. पुढे अमेरिकेत अ‍ॅटवॉटर यांनी माणसांना दिवसेंदिवस बंद खोलीत ठेवून त्यांची उष्णता मोजली, आणि मद्यार्काचा बहुतेक सर्व भाग अन्नाप्रमाणेच शरीरात जळतो असे सिद्ध केले. मद्यनिषेधाच्या पुरस्कर्त्यांस हे रुचले नाही. परंतु सत्याला पक्ष नसतो.

या ज्ञानाला गणिताचे रूप दिले ते स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या एरिक विडमार्क या प्राध्यापकाने. बोटाच्या टोकातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांत मद्यार्क मोजण्याची रीत त्याने १९२२ साली प्रसिद्ध केली, आणि दहा वर्षांनी आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. १९३६ साली नॉर्वेने मोटार चालविणाऱ्यांसाठी शेकडा ०.०५ ही मर्यादा कायद्यात घातली.

विडमार्कचा सिद्धांत समजण्यास कठीण नाही. मद्यार्क पोटातून थोडा व लहान आतड्यातून पुष्कळसा रक्तात शिरतो. पोट भरलेले असले तर सावकाश, रिकामे असले तर झपाट्याने. पुढे तो शरीरातील पाण्यात सर्वत्र पसरतो, चरबीत मात्र जवळजवळ शिरत नाही. म्हणून वजनाचा जो भाग हिशेबात धरावयाचा, तो पुरुषात सुमारे ०.६८ व स्त्रीत सुमारे ०.५५ येतो. प्यालेल्या मद्यार्काच्या वजनास या भागाने भागले की रक्तातील प्रमाण निघते. यकृतातील विकरे त्याचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड, मग शिरक्यातले आम्ल, आणि शेवटी कर्बवायू व पाणी करतात. पण या कामाचा वेग ठरलेला. धान्याची रास केवढीही असो, मापाडी एका वेळी एकच पायली मोजतो. तसे यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच उतरविते. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबू, ताक यांनी मापाड्याचा हात लवकर चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. साठ किलो वजनाच्या पुरुषाने रात्री दहाच्या सुमारास विलायती पद्धतीच्या दारूची १८० मिलिलिटरची बाटली, जिला पिणारे क्वार्टर म्हणतात ती, रिचविली. तीत शेकडा ४२.८ मद्यार्क, म्हणजे वजनाने सुमारे ६१ ग्रॅम. ६० ला ०.६८ ने गुणिले की सुमारे ४१. म्हणजे किलोमागे दीड ग्रॅम, अथवा १०० घन सेंटिमीटर रक्तात सुमारे १५० मिलिग्रॅम. तासाला १५ प्रमाणे सर्व उतरावयास दहा तास पाहिजेत. तो गृहस्थ सकाळी सहा वाजता गाढ झोप घेऊन, तोंड धुऊन, चहा पिऊन मोटारीत बसला, तरी त्याच्या रक्तात तीसच्या आसपास मद्यार्क शिल्लक आहे. उलट शेकडा १७ मद्यार्क असलेल्या औषधाचे दोन चमचे घेतले, तर त्याच माणसाच्या रक्तात जेमतेम ३ मिलिग्रॅम चढतील. ५० गाठावयास त्याला सुमारे दीडशे मिलिलिटर औषध एकदम प्यावे लागेल. १९५९ च्या आकड्यामागील न्याय येथे प्रत्ययास येतो. वासाला चमचा आणि बाटली यांतील भेद कळत नव्हता; आकड्याला तो कळतो.

तथापि या गणिताची मर्यादाही त्याच गणितात आहे. तासाला १५ हा सरासरीचा वेग. कोणाचा १०, कोणाचा २०, क्वचित त्याहूनही अधिक. समजा, अपघात रात्री दहाला झाला आणि रक्त दोनला घेतले. प्रमाण ४० निघाले. मग दहा वाजता ते किती होते? एका वेगाने ८०, दुसऱ्याने १२०. आणि शेवटचा पेला अपघाताच्या पाच मिनिटे आधी घेतला असेल, तर दोन्ही उत्तरे चुकीची. कारण त्या क्षणी पुष्कळसे मद्य अजून पोटातच होते. म्हणजे रक्ताचा आकडा साक्ष देतो ती नळी भरली त्या क्षणाची. मागचे जे सांगितले जाते ते अनुमान होय, आणि अनुमानाला दोन टोके असतात हे सांगणाऱ्याने लपवू नये.

दुसरी मर्यादा माणसाच्या हाताची. १९५९ च्या नियमांनी ती ओळखली होती. सुई उकळत्या पाण्यात शुद्ध करावी. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी, कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होऊ देऊ नये. निदान ५ घन सेंटिमीटर रक्त घ्यावे. नळीत ते गोठू नये व नासू नये असे द्रव्य असावे. नळी मोहरबंद करावी. यातील एकही कलम निरर्थक नाही. स्पिरिटचा बोळा फिरविला तर मद्यार्क सुईवाटे नळीत जाऊ शकतो; रक्षक द्रव्य नसेल तर जंतू रक्तातील साखरेपासून नळीतच मद्यार्क तयार करू शकतात.

न्यायालयांनी या दोन्ही बाजू तोलल्या. धुळे जिल्ह्यातील १९६१ च्या एका अपघातात मोटारचालकाचे रक्त दारूबंदी कायद्याच्या आज्ञेने नव्हे, तर रुग्णालयातील तपासणीच्या ओघात घेतले गेले होते. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, तेवढ्यावरून तो पुरावा अग्राह्य होत नाही. मात्र नळी मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होती, हा प्रश्नही त्या खटल्यात निघालाच. १९७१ साली मुंबईच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने उलट बाजू सांगितली: वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे व विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून निश्चित निष्कर्ष निघत नाही, त्याला रक्ताची वा लघवीची परीक्षा पाहिजे. अशा रीतीने जो आकडा आरोपीस बांधण्यासाठी आला, तोच नाकाच्या साक्षीपासून त्याचे रक्षणही करू लागला.

रस्त्याचा कायदा मात्र निराळ्या वाटेने गेला. १९८८ च्या मोटारवाहन कायद्यात मूळ शब्द रक्तात मद्यार्क ‘कितीही अल्प’ असला तरी गुन्हा असे होते. १९९४ साली त्या जागी १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक ही मर्यादा आली, आणि ती श्वासयंत्राने मोजावी असे ठरले. श्वासयंत्राचा आधार असा की, फुप्फुसाच्या खोल भागातील २१०० मिलिलिटर हवेत जेवढा मद्यार्क असतो, तेवढाच एक मिलिलिटर रक्तात असतो असे धरतात. हेही सरासरीचेच गणित. दारूबंदीचे ५० व रस्त्याचे ३० यांत लोक घोटाळा करतात. पण पहिल्याने केवळ पुराव्याचे ओझे सरकते, दुसऱ्याने गुन्हाच पुरा होतो.

आज नागपुरासही न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, आणि वायूंचे पृथक्करण करणारी यंत्रे विडमार्कच्या स्वप्नातही नव्हती इतकी सूक्ष्म झाली आहेत. परंतु २०२४ च्या मे महिन्यात पुण्यास कल्याणीनगरात मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, आणि पाठोपाठ आरोपीच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपाचा निवाडा करणे न्यायालयाचे काम. आपल्यापुरता बोध स्पष्ट आहे. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे, पण नळीत कोणाचे रक्त आहे हे यंत्राला ठाऊक नसते. रक्ताची साक्ष नाकाच्या साक्षीहून शतपटीने चांगली आहे. मात्र ती साक्ष न्यायासनापर्यंत पोहोचविणारा हात प्रामाणिक ठेवण्याचे काम कोणत्याही रसायनाकडे सोपविता येत नाही.