मटारच्या पिशवीचं कूळ

डिसेंबर-जानेवारीत बोरीवलीच्या बाजारात मटार स्वस्त झाले की घरोघरी शेंगा सोलायची बैठक बसते. दाणे उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग पंच्यावर कोरडे करून छोट्या पिशव्यांतून फ्रीजरमध्ये. ही रीत आज घरचीच वाटते. पण तिची एकेक पायरी वेगळ्या मुलखातून आलेली आहे.

त्याआधी इथली बेगमी उन्हाच्या भरवशावर होती. गोराई-वेसाव्याकडे वलांडीवर बोंबील सुकत, गच्चीत सांडगे-कुरडया वाळत. पाणी गेलं की जंतूंची वाढ थांबते. फ्रीजर तेच साधतो, फक्त पाणी काढून न घेता त्याचा बर्फ करून ठेवतो. जंतू मात्र बहुतेक जिवंतच राहतात, नुसते थिजतात.

बर्फ मुंबईत आला तो चैनीसाठी. 1830च्या दशकात तो बोस्टनहून जहाजाने, लाकडाच्या भुशात गुंडाळून येई. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइसक्रीम दिलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, हा किस्सा तेव्हाचाच. त्या बर्फाने सरबतं गार झाली. अन्न महिनोन्‌महिने टिकवण्याची अक्कल पुढे कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या थंडीत सुचली.

1912 नंतर तिथे राहिलेल्या क्लॅरेन्स बर्ड्‌सआय या अमेरिकन माणसाने पाहिलं, की इनुइट लोकांनी पकडलेला मासा कडाक्याच्या वाऱ्यात पटकन गोठतो आणि पुढे शिजवला तरी ताजा लागतो. झपाट्याने गोठलं की बर्फाचे कण बारीक होतात; सावकाश गोठलं की मोठे होऊन पेशी फाडतात आणि पदार्थ लिबलिबीत होतो. पिशवी लहान आणि चपटी ठेवायची ती यासाठी. 1930च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचा गोठवलेला माल विक्रीला आला, त्यात मटारही होते.

भाज्यांची अडचण वेगळी होती. कच्च्या गोठवल्या तर काही आठवड्यांत चव आणि रंग उतरे, कारण दाण्यातली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात. उकळत्या पाण्याचा चटका त्यांना थांबवतो. वरचं गार पाणी दाणा शिजू देत नाही.

फ्रीजरसाठी सांगितला जाणारा उणे 18 अंश सेल्सिअस हा आकडाही परकाच. तो म्हणजे फॅरनहाइट मापाचं शून्य. 1724 साली फॅरनहाइटने बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणावरून ते शून्य ठरवलं होतं. बर्फात मीठ घालून पॉटचं आइसक्रीम फिरवणाऱ्या घरांत हीच युक्ती चाले.

भारतीय बनावटीचा फ्रिज 1958 साली मुंबईच्याच गोदरेजने आणला. त्या काळच्या एका दाराच्या फ्रिजमध्ये वरचा कप्पा मुख्यतः बर्फाच्या ट्रेसाठी असे, आणि मधलं बटण दाबून साचलेला बर्फ वितळवावा लागे. आजही अशा फ्रिजचा कप्पा उणे 18 पर्यंत जाईलच असं नाही. फ्रीजरवर एक तारा असेल तर उणे 6, दोन असतील तर उणे 12, तीन असतील तर उणे 18. वर्षभराचे मटार तीन ताऱ्यांतच ठेवावेत.

मासे-मटण ओट्यावर वितळवायची सवय मात्र कुठल्याच शास्त्रातून आलेली नाही. बाहेरचा थर कोमट होतो, थिजलेले जंतू जागे होतात, आत अजून बर्फच असतो. म्हणून आदल्या रात्री डबा खालच्या कप्प्यात, पसरट भांड्यात ठेवावा. मटारला तेही नको. तो थेट कढईत जातो.

26 जुलै 2005च्या पुरात मुंबईच्या उपनगरांतल्या कित्येक भागांत वीज गेली. अशा वेळी दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीजर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24. वीज आल्यावर पिशवीत बर्फाचे खडे दिसत असतील तर ती पुन्हा गोठवता येते. चव थोडी जाईल. कोमट झालेले मासे-मटण मात्र वास घेऊन पारखू नये, सरळ टाकावं. थंडीने ते फक्त थांबवून धरलं होतं, शुद्ध केलं नव्हतं.