जुन्या रायफलींची बलचाचणी

जुनी रायफल किती दाब सोसते आणि तो ओलांडल्यावर कशी मोडते, हे तपासण्याची पद्धत. भर असतो तो बोल्ट आणि बोल्टला धरून ठेवणारा पोलादी सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, यांच्यावर.

रूढ चाचणी प्रूफ काडतुसाची. अमेरिकी .३०-०६ काडतुसाचा नेहमीचा दाब चौरस इंचाला सुमारे ५०,००० पौंड, तर प्रूफ काडतुसाचा सुमारे ७०,००० पौंड. रायफल जखडून ठेवतात आणि आडोशामागून दोरीने चाप ओढतात. मग काडतुसाच्या मागे बोल्टपाशी मोकळीक वाढली का, ते गेजने पाहतात. वाढली असेल तर बोल्टचे लग, म्हणजे त्याला रिसीव्हरमध्ये अडकवून धरणारे उंचवटे, किंवा त्यांच्या खाचा दबल्या. चिवट पोलाद असे आधी दबते, बोल्ट उघडायला जड जातो, वापरणारा सावध होतो. ठिसूळ पोलाद एकदम फुटते. म्हणून मोडण्याची तऱ्हा दाबाच्या आकड्याइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची मानली पाहिजे.

स्प्रिंगफील्ड एम १९०३ रायफलीचा इतिहास याचा ठळक पुरावा आहे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड आणि इलिनॉयमधील रॉक आयलंड येथील सरकारी कारखान्यांत रिसीव्हर घडवताना तापलेल्या पोलादाचा रंग कारागीर नजरेने जोखत. लख्ख उन्हात तोच रंग फिका दिसे, पोलाद पुरेसे तापले नाही असे वाटे आणि ते आणखी तापवले जाई. असे जळलेले पोलाद हातोडीच्या घावानेही फुटे. १९१७ मध्ये काही रायफली फुटल्या तेव्हा चौकशी झाली, भट्ट्यांवर तापमापक बसले आणि १९१८ पासून पोलादाला दुहेरी पाणी देण्याची रीत आली. स्प्रिंगफील्डचे ८,००,००० च्या आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या खालचे क्रमांक तेव्हापासून संशयास्पद ठरले. या सगळ्या रायफली कारखान्यातून बाहेर पडताना प्रूफ चाचणीत उतरल्या होत्या, हे विसरता कामा नये. जळलेले पोलाद पुन्हा पाणी देऊनही सुधारेना. अमेरिकी लष्करी शस्त्र-अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी १९१७ ते १९२९ या काळातील ६८ फुटलेल्या रिसीव्हरांची नोंद केली. पुष्कळदा सुरुवात काडतुसापासून झालेली दिसते: पितळी बूड मऊ निघाले, ते फाटले आणि मागे सुटलेल्या वायूने ठिसूळ रिसीव्हर फोडला.

अमेरिकी बंदूक-कारागीर पी. ओ. ॲक्ली यांनी तर दारू वाढवत नेऊन निरनिराळ्या लष्करी रायफलींच्या ॲक्शन, म्हणजे बोल्ट-रिसीव्हरच्या जोडण्या, मुद्दाम मोडल्या. निष्कर्ष १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आले. बेढब म्हणून हिणवली जाणारी जपानी अरिसाका टाइप ३८ त्यांत सर्वांत टिकाऊ ठरली. मात्र नमुने मोजके होते; एका रायफलीचा निकाल त्या जातीच्या दुसरीला सरसकट लावणे धोक्याचे. जपानच्या सराव-रायफली दिसायला अरिसाकाच, पण कित्येकींचे रिसीव्हर ओतीव लोखंडाचे आणि फक्त बिनगोळीच्या काडतुसांपुरते. त्यांत खरे काडतूस घालू नये.