जुना व्हिडिओ गेम, नवा टीव्ही : जोडणीपूर्वी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

भारतातील घराचा माळा आवरताना किंवा येथील एखाद्या गराज सेलमध्ये जुना व्हिडिओ गेम हाती लागतो. सोबत दोन कंट्रोलर आणि मूठभर कॅसेटही असतात. मात्र दिवाणखान्यातील पासष्ट इंची टीव्हीला तो जोडला की पडद्यावर काळोख, सरकणाऱ्या पट्ट्या किंवा रंग उडालेले चित्र यांपैकी काहीतरी दिसते, आणि यंत्र बिघडले असे समजून ते टाकून दिले जाते. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. १९८० आणि १९९० च्या दशकांतील ही यंत्रे पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी घडवलेली होती. त्यांच्यातून निघणारा संकेत आजच्या टीव्हीला कधी स्वीकारताच येत नाही, तर कधी तो स्वीकारूनही त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो.

तारांकडे वळण्यापूर्वी विजेचा विचार करावा, कारण चित्राची चूक सुधारता येते, जळलेले यंत्र सहसा सुधारत नाही. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, तर भारतात व ब्रिटनमध्ये २३० व्होल्टची असते. जुन्या यंत्रांचे अ‍ॅडॉप्टर म्हणजे आत तांब्याचे वेटोळे असलेले जड ठोकळे. आजच्या फोन चार्जरप्रमाणे ते दोन्ही दाबांवर चालत नाहीत. अमेरिकी ठोकळा पुण्यातील प्लगमध्ये खोचला तर तो जळतो, कधी यंत्रालाही सोबत घेऊन जातो. उलट भारतीय ठोकळा येथे लावल्यास निम्माच दाब मिळतो आणि यंत्र सुरूच होत नाही. प्रवासात वापरतो तो छोटा प्लग केवळ पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नव्हे.

पिनेचा आकार जुळला म्हणून अ‍ॅडॉप्टर जुळला असेही नाही. अमेरिकेतील मूळ निन्टेन्डो यंत्राचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टची एसी वीज देतो. त्याचे जपानी भावंड असलेल्या फॅमिकॉमला मात्र डीसी वीज लागते, आणि तिथे हाच एसी अ‍ॅडॉप्टर लावल्यास यंत्राची हानी होते. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हमध्ये पिनेचे केंद्र ऋण आहे, दुसऱ्या आवृत्तीत ते धन आहे. यंत्राच्या तळाशी असलेले लेबल भिंग घेऊन वाचावे. व्होल्ट, एसी की डीसी आणि केंद्राची दिशा या तिन्ही बाबी जुळल्या पाहिजेत. अँपिअरचा आकडा लेबलापेक्षा अधिक असला तरी चालतो, कमी नसावा.

भारतातून यंत्र आणणाऱ्यांची दुसरी अडचण प्रक्षेपण पद्धतीची. अमेरिका व जपान यांची जुनी पद्धत एनटीएससी : ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ६० चित्रे. भारत, ब्रिटन, आखाती देश व इस्रायल येथे पाल : ६२५ रेषा आणि ५० चित्रे. १९९० च्या दशकात आपल्याकडे घरोघरी ‘टीव्ही गेम’ म्हणून जे खेळले गेले, ती बहुतांशी फॅमिकॉमची नक्कल असलेली, पाल टीव्हीसाठी बनवलेली यंत्रे होती. मारिओ आणि कॉन्ट्रा या पिढीने त्यांच्यावरच पाहिले. मूळ ६० चित्रांच्या हिशेबाने लिहिलेला खेळ ५० वर चालवला की तो सुमारे एक षष्ठांशाने संथ होतो, त्यामुळे बालपणी आपल्या कानांवर पडलेले मारिओचे संगीत अमेरिकी मुलांच्या मारिओपेक्षा थोडे रेंगाळणारे होते.

ब्रिटन किंवा दुबईतील टीव्ही साधारणपणे दोन्ही पद्धती ओळखतात. अमेरिकेत विकले जाणारे अनेक टीव्ही मात्र पाल संकेत नाकारतात, किंवा कृष्णधवल चित्र वर-खाली फिरवत राहतात. अशा वेळी पाल घेऊन ६० चित्रांचा एचडीएमआय संकेत देणारा कन्व्हर्टर मध्ये लागतो. पन्नासाची साठ चित्रे करताना काही चित्रे दोनदा दाखवावी लागतात. त्यामुळे सरकत्या पार्श्वभूमीला हलकेसे हिसके बसतात, आणि स्वस्त उपकरणांत ते टळत नाहीत.

आता तारा. सर्वांत जुनी जोडणी अँटेनाच्या सॉकेटमधून होते. अमेरिकी यंत्रे ३ किंवा ४ क्रमांकाच्या वाहिनीवर आपले चित्र ‘प्रक्षेपित’ करीत. अमेरिकेतील पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले, ब्रिटनमधील २०१२ मध्ये. त्यामुळे नव्या टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर असेलच असे नाही. पर्याय असल्यास हा मार्ग सोडून द्यावा. पिवळ्या पिनेची कॉम्पोझिट तार त्याहून बरी, पण तिच्यात रंग आणि उजेड एकाच वाहिनीतून जात असल्याने कडा फुटलेल्या दिसतात. एस-व्हिडिओत हे दोन वेगळे होतात. आरजीबीत लाल, हिरवा व निळा स्वतंत्र येतात आणि चित्र एकदम लख्ख होते. युरोपात स्कार्ट नावाच्या एकवीस पिनांच्या सॉकेटमुळे आरजीबी घरोघरी पोहोचली. अमेरिकेत स्कार्ट कधी आलेच नाही, तेथे तिची जागा पुढे हिरव्या, निळ्या व लाल पिनांच्या कॉम्पोनंट तारेने घेतली.

प्रत्येक यंत्र प्रत्येक संकेत देत नाही. सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह आणि पहिले प्लेस्टेशन कोणतीही दुरुस्ती न करता आरजीबी देतात. मूळ निन्टेन्डो देत नाही, कारण त्याची चित्र-चिप थेट कॉम्पोझिट संकेतच तयार करते. निन्टेन्डो ६४ चे अमेरिकी यंत्र एस-व्हिडिओवर थांबते. प्लेस्टेशन २ आणि वी यांना कॉम्पोनंट तार घ्यावी, आणि प्लेस्टेशन ३ पासून पुढे एचडीएमआय असल्याने हा लेख लागू पडत नाही.

खरा पेच यानंतरचा आहे. पिक्चर ट्यूबचा टीव्ही एका चित्राच्या विषम व सम रेषा आळीपाळीने रंगवीत असे. खेळ बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. यंत्राने दर वेळी त्याच रेषा रंगवायला सांगायचे, मधल्या रिकाम्या सोडायच्या. यालाच २४०पी म्हणतात. त्यामुळे सेकंदाला पूर्ण ६० स्वतंत्र चित्रे मिळत आणि हालचाल रेशमी दिसे. आजच्या अनेक टीव्हींना हा प्रकार ठाऊक नसतो. ते त्याला आळीपाळीचा ४८०आय संकेत समजतात आणि लागोपाठची दोन चित्रे एकत्र विणतात. परिणामी धावणाऱ्या पात्राच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. त्याहून वाईट म्हणजे, मार खाल्ल्यावर पात्र लुकलुकावे म्हणून खेळाने ते एकाआड एक चित्रात दाखवलेले असते. टीव्हीच्या विणकामात ते कधी कधी पूर्ण अदृश्यच होते आणि खेळणाऱ्याला आपला माणूस कुठे गेला हे कळत नाही.

बाजारात दहा-वीस डॉलरना मिळणाऱ्या एव्ही ते एचडीएमआय डब्या हीच चूक करतात, शिवाय चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणून मारिओला बुटका आणि रुंद करतात. एकदोन संध्याकाळची हौस भागवण्यास त्या पुरेशा आहेत, असे माझे मत. मात्र खरेदी करताना दिशा पाहावी. ‘एचडीएमआय ते एव्ही’ असे लिहिलेली, दिसायला हुबेहूब तशीच डबी उलट दिशेने काम करते आणि आपल्या कामाची नाही. नियमित खेळणाऱ्यांनी २४०पी ओळखणारे उपकरण घ्यावे. रेट्रोटिंक मालिकेतील साधी उपकरणे कॉम्पोझिट व एस-व्हिडिओसाठी चांगली आहेत. ओएसएससी हे मुक्त-स्रोत उपकरण आरजीबी व कॉम्पोनंटमधील प्रत्येक रेषा दुप्पट, तिप्पट करून पुढे पाठवते आणि त्यात जवळजवळ शून्य विलंब लागतो. पण त्याच्या काही संकेतांना प्रत्येक टीव्ही साथ देत नाही. २०२३ मध्ये आलेले रेट्रोटिंक ४के ७५० डॉलरना आले. गराज सेलमध्ये दहा डॉलरना घेतलेल्या यंत्रापुढे ही रक्कम हास्यास्पद वाटेल, आणि बहुतेकांना तिची गरजही नाही.

विलंबाचा मुद्दा मात्र सर्वांसाठी. टीव्ही चित्र ‘सुधारण्यात’ जो वेळ घालवतो, तो बटण दाबणे आणि उडी दिसणे यांच्यामध्ये येतो. एक चित्र म्हणजे १६.७ मिलिसेकंद, अशी चार-सहा चित्रे मागे पडली की लहानपणी सहज जमणारी उडी खड्ड्यात नेते आणि माणूस वयाला दोष देतो. टीव्हीत ‘गेम मोड’ सुरू करावा, हालचाल गुळगुळीत करणाऱ्या व गोंगाट कमी करणाऱ्या सोयी बंद कराव्यात, आकार ४:३ ठेवावा. यास एक पैसाही लागत नाही.

चित्र येते पण कृष्णधवल येते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अनेक टीव्हींत कॉम्पोझिट व कॉम्पोनंटला एकच सॉकेट-संच असतो आणि पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्ये खोचायची असते. त्यानंतर इनपुट ‘कॉम्पोनंट’ निवडले असेल तर रंग हरवतात, ‘एव्ही’ निवडावे. काही टीव्हींना तीन सॉकेटऐवजी हेडफोनसारखे एकच छिद्र असते. त्याची तार टीव्हीसोबत आलेलीच वापरावी, कारण पिनांची रचना उत्पादकागणिक बदलते.

एका गोष्टीवर मात्र कोणतीही तार उपाय नाही, ती म्हणजे डक हंटची बंदूक. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील संवेदक उजेड पाहतो. तो संवेदक पिक्चर ट्यूबच्या सेकंदाला सुमारे १५,७०० रेषांच्या लयीलाच प्रतिसाद देतो. एलसीडीचा प्रकाश त्या लयीत धडधडत नाही आणि विलंबामुळे चौकोन अपेक्षित क्षणी उमटतही नाही, म्हणून प्रत्येक गोळी हुकते. सिंडेन नावाची नवी बंदूक कॅमेऱ्याने पडद्याची पांढरी चौकट ओळखते, पण ती संगणकावर चालणाऱ्या खेळांसाठी आहे. मूळ यंत्रावर बदके मारायची असतील तर पिक्चर ट्यूबचा टीव्हीच शोधावा. येथे तो अनेकदा ‘घेऊन जा, फुकट’ अशा जाहिरातींत मिळतो. तो उचलायला दोन माणसे न्यावीत आणि त्याचे मागचे झाकण घरी उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये उच्च दाबाचा विद्युतभार राहू शकतो.

जोडणी जमल्यावर कॅसेटकडेही पाहावे. झेल्डासारख्या ज्या कॅसेटमध्ये अर्धवट खेळ साठवला जातो, त्यांत सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी झाळून बसवलेली असते. तीस-पस्तीस वर्षांत ती संपते. खेळ सुरू होतो, पण यंत्र बंद करताच प्रगती पुसली जाते. डागकाम येणारी व्यक्ती ती काही मिनिटांत बदलते; मात्र बॅटरी काढताच आत साठवलेला जुना खेळ, भावंडांनी लिहिलेल्या नावांसह, नाहीसा होतो. तो अजून दिसत असेल, तर बॅटरी काढण्याआधी पडद्याचे छायाचित्र घ्यावे.