प्रवाहमापी फ्लूम : आकार व निवड
कालव्यातील पाणी मोजण्यासाठी पात्र आवळून बांधलेली रचना म्हणजे फ्लूम. धाराशिव जिल्ह्यात माकणी येथे तेरणा नदीवर निम्न तेरणा धरण आहे. महाराष्ट्रातील 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारल्यामुळे अशा धरणांच्या कालव्यांवर फ्लूमची निवड महत्त्वाची ठरते. कमाल विसर्ग किंवा कालव्याची रुंदी पाहून आकार ठरवणे अपुरे आहे. किमान विसर्ग आणि उपलब्ध उतारही तितकेच निर्णायक आहेत. विसर्ग पाण्याच्या उंचीच्या साधारण दीड घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे 5 मिलिमीटरची वाचनचूक 20 सेंटिमीटर उंचीला विसर्गात सुमारे 4 टक्के, तर 5 सेंटिमीटरला सुमारे 15 टक्के फरक पाडते.

किमान विसर्गालाही पुरेशी उंची मिळावी म्हणून अरुंद फ्लूम घेतला, तर वरच्या बाजूस फुगवटा येऊन काठ ओसंडतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून कमाल विसर्गाला मोकळा काठ तपासावा लागतो. पार्शल प्रकारच्या फ्लूममध्ये 1 ते 8 फूट रुंद गळ्यासाठी (आवळलेल्या भागासाठी) खालच्या व वरच्या बाजूच्या पाणीउंचीचे गुणोत्तर 70 टक्क्यांपर्यंत असेल, तरच एका वाचनावर विसर्ग काढता येतो. सपाट चारीत सपाट तळाचा कट-थ्रोट फ्लूम बांधायला सोपा पडतो. मात्र तो बुडाला तर दोन्हीकडची उंची वाचावी लागते.